वसाहतवादाने नेमकं काय बिघडवलं आणि काय नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय निघाला की भांडण ठरलेलं. एक जण म्हणतो सगळं लुटून नेलं, दुसरा म्हणतो अरे पण रेल्वे कोणी दिली, आणि मग तासभर तेच. जे प्रश्न हमखास येतात ते इथे घेतलेत. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर तक्रार नको: लूट प्रचंड झाली हे खरंच, पण जास्त दिवस टिकली ती राज्य चालवायची यंत्रणा. ती बाहेरच्या मालकासाठी बांधलेली होती आणि मालक गेल्यावरही त्याच वळणाने चालत राहिली.

परक्यांचं राज्य तर पूर्वीही असायचंच की. मग वसाहतवादात वेगळं काय?

पूर्वीचे जेतेही काही संत नव्हते, कत्तली आणि लूट त्यांनीही केली. पण बहुतेक जण जिंकलेल्या मुलखातच राहिले, तिथलेच झाले, वसूल केलेला पैसा महाल, फौज, देवळं-मशिदी, कारागीर यांच्यावर तिथेच खर्च झाला. वसाहतीत निर्णय घेणारा हजारो मैल लांब बसलेला असतो आणि शिल्लक रक्कम दरवर्षी नेमाने बाहेर जाते. दादाभाई नौरोजींनी हेच आकडे मांडून दाखवलं. भारताच्या महसुलातून 'होम चार्जेस' म्हणून लंडनला पैसे जायचे, त्यात निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, कर्जावरचं व्याज, लंडनमधल्या इंडिया ऑफिसचा खर्च, सगळं आलं. म्हणजे आपल्यावर राज्य करणाऱ्या ऑफिसचं बिल आपणच भरायचं.

आणि ही फक्त गोऱ्यांची मक्तेदारी होती असंही नाही. जपानने १९१० ते १९४५ कोरियावर राज्य केलं, तिथे १९४० मध्ये लोकांना स्वतःची कोरियन नावं टाकून जपानी नावं घ्यायला लावली.

सगळ्या वसाहती सारख्याच होत्या का?

नाही, आणि हे न बघता वाद घातला की सगळी खिचडी होते. ढोबळमानाने दोन प्रकार. एक, जिथे गोरे स्वतः राहायला गेले, म्हणजे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. तिथे त्यांना जमीन हवी होती, माणसं नको होती, त्यामुळे मूळच्या लोकांना हाकललं, मारलं, आणि त्याहून कितीतरी जास्त देवीसारख्या रोगांनी मेले. दुसरा प्रकार भारत, जावा (आजच्या इंडोनेशियातलं बेट), कांगो, नायजेरिया, जिथे मूठभर अधिकारी आणि बाकी सगळे स्थानिक लोक. तिथे माणसं हवी होती, त्यांची मेहनत हवी होती. मधले पण होते, अल्जीरिया, केनिया, ऱ्होडेशिया (आजचं झिम्बाब्वे), जिथे गोरे वस्तीलाही आले आणि शेतावर राबायला स्थानिकही हवे होते. बहुतेक ठिकाणी हे मधलेच देश सगळ्यात रक्तरंजित पद्धतीने सुटले, कारण वस्ती करून बसलेला माणूस सहजासहजी उठत नाही.

रेल्वे, शाळा, कोर्ट हे तर दिलं ना?

हा प्रश्न नंबर एक, म्हणून जरा सविस्तर.

रेल्वे आली हे खरं. भारतात कशी आली ते बघा: ब्रिटिश कंपन्यांना सरकारने सुरुवातीला ५ टक्के परताव्याची हमी दिली, म्हणजे धंदा चालो न चालो भांडवलावर ५ टक्के मिळणारच, कमी पडले तर भारतीय करदात्याच्या खिशातून. आता अशी हमी असल्यावर खर्च आटोक्यात ठेवायची कोणाला काय पडलीय? आफ्रिकेत तर नकाशा उघडला की कळतं. गोल्ड कोस्टमध्ये म्हणजे आजच्या घानात १९०१ ला सेकोंडी बंदरापासून तार्क्वाच्या सोन्याच्या खाणींपर्यंत लाइन गेली. कांगोत १८९८ ला मटाडी बंदर लिओपोल्डव्हिलला म्हणजे आजच्या किन्शासाला जोडलं, कारण मधल्या धबधब्यांमुळे नदीतून माल खाली आणता येत नव्हता. खाण ते बंदर, मळा ते बंदर. शेजारच्या दोन शहरांना जोडणारी लाइन मात्र शोधावी लागते, कारण स्थानिक लोकांनी आपापसात व्यापार करावा ही कोणाची गरजच नव्हती. मोंबासाहून व्हिक्टोरिया तलावापर्यंत जी युगांडा रेल्वे बांधली तिच्यासाठी भारतातून ३०,००० च्या वर मजूर नेले, त्यातले सुमारे २,५०० मेले. एका वसाहतीचं काम दुसऱ्या वसाहतीच्या माणसांकडून करून घेतलं.

फायदा झालाच नाही का? झाला. भारतात रेल्वे पोचलेल्या जिल्ह्यांत मालाच्या भावातली तफावत कमी झाली, शेतीचं उत्पन्न वाढलं, हे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलंय आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही. पण त्याच रेल्वेच्या जमान्यात, १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात देशात लोक लाखोंनी मरत होते आणि देशातून धान्याची निर्यात चालूच होती. गाडी धान्य आणतेही आणि नेतेही, कुठल्या दिशेला ते भाव आणि सरकार ठरवतं.

आणि मला सगळ्यात पटणारं उत्तर म्हणजे जपान. त्यांनी १८७२ ला टोकियो-योकोहामा रेल्वे सुरू केली, इंग्रज इंजिनियर बोलावले, त्यांना पगार दिला, काम शिकून घेतलं आणि नंतर त्यांना घरी पाठवलं. रेल्वे हवी असेल तर गुलाम व्हावं लागतं हे गणित तिथेच मोडतं.

शाळांचं म्हणाल तर १९५१ च्या जनगणनेत भारतातली साक्षरता सुमारे १८ टक्के होती. जवळजवळ दोनशे वर्षांच्या राज्यानंतर १८. बेल्जियमने १९६० मध्ये कांगो सोडला तेव्हा एवढ्या अवाढव्य देशात स्थानिक पदवीधर ३० सुद्धा नव्हते. शिक्षण दिलं ते ऑफिस चालवण्यापुरतं, कारकून आणि दुभाषे तयार होतील इतपत. पण इथे दुसरी बाजू सांगायलाच हवी. ज्यांना आपल्याच समाजाने पिढ्यानपिढ्या अक्षर शिकू दिलं नाही त्यांच्यासाठी मिशनऱ्यांची आणि सरकारी शाळा हे पहिलं उघडं दार होतं. जोतीराव फुल्यांनी ते ओळखलं, आणि त्याच फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे सरकारला सुनावलं की महसूल राबणाऱ्या शेतकऱ्याकडून घेता आणि शिक्षणावर खर्च करता तो उच्चवर्णीयांच्या. एकाच माणसाला दोन्ही गोष्टी दिसत होत्या. आपल्याला मात्र एकच बाजू धरायची घाई.

लोक मळ्यांवर कामाला जायचेच कशाला? नाही म्हणायचं की.

बंदूक नेहमीच लागत नव्हती, टॅक्स पुरायचा. केनियात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झोपडी कर आला. ज्याच्या घरी गुरं आहेत, शेतात ज्वारी-बाजरी आहे, जो पोटापुरता सुखी आहे, त्याला सांगितलं की प्रत्येक झोपडीमागे इतका कर भर, आणि तो रोख भर. आता रोख आणायची कुठून? गोऱ्याच्या मळ्यावर मजुरी करून. स्वतः कॉफी लावून विकली असती तर पैसे मिळाले असते, पण कॉफी लावायलाच आफ्रिकन शेतकऱ्याला कित्येक वर्षं बंदी होती. चांगली थंड, सुपीक पठारं गोऱ्यांसाठी राखीव. म्हणजे तिन्हीकडून दारं बंद करायची आणि एक उघडं ठेवायचं, मग म्हणायचं की माणूस आपल्या पायांनी आत आला.

त्याच्यावर आणखी 'किपांडे'. पहिल्या महायुद्धानंतर प्रत्येक आफ्रिकन पुरुषाला ओळखीचा कागद जवळ बाळगावा लागायचा, त्यावर बोटांचे ठसे, कोणत्या मालकाकडे कधीपासून काम, सुटल्याची नोंद. तो कागद पत्र्याच्या छोट्या डबीत घालून दोरीने गळ्यात अडकवायचा. मालकाने सुटल्याची सही केली नाही तर दुसरीकडे काम नाही, आणि डबी नसताना सापडलात तर दंड किंवा तुरुंग. केनियातल्या म्हाताऱ्यांनी ही डबी शेळीच्या गळ्यातल्या घंटेसारखी वाटायची असं सांगून ठेवलंय.

कांगोबद्दल इतकं का बोलतात?

कारण तिथे कुठलाही मुखवटा नव्हता. १८८५ ते १९०८ कांगो हा बेल्जियम देशाचासुद्धा नव्हता, राजा लिओपोल्ड दुसरा याची खाजगी मालमत्ता होता. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर काढला, सायकली आणि नंतर मोटारी वाढल्या, रबराची मागणी भडकली. मळे लावून झाडं मोठी व्हायला वर्षं लागतात, पण कांगोच्या जंगलात रबराच्या वेली तयारच होत्या, फक्त माणसं आत पाठवायची होती. मग प्रत्येक गावाला कोटा. पुरुष जंगलातून रबर घेऊन येईपर्यंत बायकापोरं ओलीस. कोटा कमी पडला की फटके किंवा गोळी. आणि शिपायाने गोळ्या शिकारीत उडवू नयेत म्हणून हिशेब मागायचे, एका काडतुसाला एक कापलेला उजवा हात. ज्यांचा नेम चुकला किंवा ज्यांनी शिकारच केली त्यांनी जिवंत माणसांचे हात कापून आणले.

हे बाहेर कसं आलं? ई. डी. मोरेल नावाचा एक शिपिंग कंपनीचा क्लार्क. त्याच्या लक्षात आलं की कांगोहून येणारी जहाजं रबर आणि हस्तिदंताने भरलेली असतात आणि जाताना मात्र जवळजवळ बंदुका आणि दारूगोळाच जातो. मालाच्या बदल्यात माल जात नाही, मग हा व्यापार कसला? नुसते कागद बघून माणूस तिथपर्यंत पोचला. पुढे १९०४ ला कांगोतला ब्रिटिश कॉन्सुल म्हणजे सरकारी दूत रॉजर केसमेंटचा रिपोर्ट आला, ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईने काढलेले फोटो युरोपभर दाखवले गेले. त्यातल्या एका फोटोत न्साला नावाचा बाप ओट्यावर बसलाय आणि समोर ठेवलेल्या आपल्या छोट्या मुलीच्या कापलेल्या हाता-पायाकडे बघतोय. शेवटी १९०८ ला राजाला कांगो बेल्जियमला द्यावा लागला, द्यायच्या आधी त्याने ऑफिसातली कागदपत्रं जाळली. किती मेले यावर इतिहासकार अजून भांडतात, लाखोंनी मेले यावर भांडत नाहीत.

पैसा बाहेर जाण्याची अजून उदाहरणं?

जावात डचांनी १८३० पासून गावांना जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, कॉफी, नीळ अशा सरकारी पिकांना द्यायला लावला, प्रत्यक्षात जास्तच गेला. १८५० च्या आसपास हॉलंडच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा वाटा इथूनच यायचा, त्यातून त्यांची कर्जं फिटली, रेल्वे झाली. त्याच सुमाराला मध्य जावात दुष्काळात लोक मेले, ते बेट भाताचं कोठार असूनसुद्धा.

पण डोकं फिरवणारं उदाहरण हैतीचं आहे. गुलामांनी बंड करून फ्रेंचांना हरवलं, १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. १८२५ मध्ये फ्रान्सची युद्धनौका दारात उभी राहिली: आमच्या मळेवाल्यांचं नुकसान झालंय, १५ कोटी फ्रँक भरा तर तुमचं स्वातंत्र्य मान्य. नुकसान म्हणजे काय, तर जमिनी आणि 'मालमत्ता', म्हणजे हेच लोक! पहिल्या हप्त्यासाठी हैतीने पॅरिसच्या बँकर्सकडूनच ३ कोटींचं कर्ज काढलं, त्यातले ६० लाख बँकर्सनी आधीच कापून घेतले. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आणली, तरी या फेऱ्यातून काढलेली कर्जं फिटायला १९४७ उजाडलं. हैती आज गरीब का हे विचारताना लोक भूकंप आणि भ्रष्टाचार सांगतात, हे बिल कोणी काढत नाही.

आफ्रिकेच्या सीमा सरळ पट्टीने आखल्या हे खरं का?

बऱ्याच अंशी. नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ बर्लिनला १४ देशांची परिषद झाली, आफ्रिकेतला एकही प्रतिनिधी नव्हता. प्रत्यक्ष रेषा तिथेच आखल्या असं जे सांगतात ते बरोबर नाही. तिथे वाटणीचे नियम ठरले, रेषा पुढच्या वीसेक वर्षांत करारांनी पडल्या. १९६४ मध्ये स्वतंत्र आफ्रिकन देशांनी कैरोत ठरवून टाकलं की आहेत त्याच सीमा मान्य, कारण एक उकरली तर सगळ्याच उकराव्या लागतील.

भारतात फाळणीची रेषा आखायला सिरिल रॅडक्लिफ या इंग्रज वकिलाला पाच आठवडे मिळाले. माणूस त्याआधी कधी भारतात आलेला नव्हता. रेषा जाहीर झाली १७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्य मिळून गेल्यावर, म्हणजे दोन दिवस सीमेवरच्या लोकांना आपण कुठल्या देशात आहोत हेच माहीत नव्हतं. एक कोटीहून जास्त माणसं इकडची तिकडे झाली.

सगळ्या यादवीचं कारण सीमा असंही म्हणू नका पण. सोमालियात बहुसंख्य एकाच वंशाचे, भाषा एक, धर्म एक, तरी देश कोसळला.

जाती-जमातींची भांडणं त्यांनीच लावली का?

अर्धं खरं. भेद आधीपासून होते, भारतात जात तर इंग्रज यायच्या कितीतरी शतकं आधीपासूनची, तिचं पाप दुसऱ्याच्या गळ्यात घालून हात झटकता येणार नाहीत. पण राज्य चालवायला याद्या लागतात आणि यादीत माणूस एकाच रकान्यात बसतो. रवांडात हुतू आणि तुत्सी हे दोन समाज एकच भाषा बोलायचे, एकाच डोंगरावर राहायचे, गुरं वाढली किंवा गेली, लग्नं झाली की पिढी-दोन पिढ्यांत इकडचे तिकडे होत. बेल्जियमने १९३० च्या दशकात ओळखपत्रं काढली आणि प्रत्येकावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असा शिक्का. मग तुत्सींना वरचढ मानून शाळा-नोकऱ्या दिल्या, आणि जायची वेळ आल्यावर पारडं हुतूंच्या बाजूला झुकवलं. १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तीच ओळखपत्रं तपासून माणसं वेगळी काढली, सुमारे १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास मारले. कुऱ्हाड चालवणारे हात स्थानिक होते आणि जबाबदारीही त्यांची आहेच, पण कोण तुत्सी हे त्या कार्डावर छापलेलं होतं.

भारतात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. पुढे तो देशभर पसरला, आपल्याकडे पारधी, कैकाडी वगैरे त्यात ओढले गेले. मूल जन्मलं की गुन्हेगार, हजेरी लावायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही, तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये राहायचं. १९५२ ला कायदा रद्द झाला. शिक्का कागदावरून गेला, पोलिसांच्या आणि गावकऱ्यांच्या डोक्यातून गेला का? कुठेही चोरी झाली की पहिली धाड कोणाच्या पालावर पडते ते बघा. सत्तर वर्षं झाली, धाड घालणारे आपलेच.

कायद्यांचं काय, तेच चालू ठेवले ना?

हो, आणि इथे खरी मेख आहे. राजद्रोहाचं १२४-अ कलम १८७० ला आलं, त्याखाली टिळकांना १८९७ आणि १९०८ मध्ये शिक्षा झाली, दुसऱ्या वेळी सहा वर्षं मंडाले. इंग्लंडने स्वतःच्या देशात हा गुन्हा २००९ ला रद्द केला. आपण मात्र त्यानंतरही वापरत राहिलो, नवीन संहिता आली २०२४ ला, तिच्यातून शब्द गेला आणि त्याच धाटणीचं एक कलम आहेच. समलैंगिकतेचं ३७७ असंच, १८६० च्या दंडसंहितेत घातलं, तेच मॉडेल सिंगापूर, मलेशियापासून आफ्रिकेपर्यंत गेलं, आणि आता त्यातल्या कित्येक देशांत पुढारी सांगतात की हीच आमची प्राचीन संस्कृती. भारतात ते २०१८ ला सुटलं, सिंगापूरमध्ये २०२२ ला.

सोपं कारण आहे. प्रजेला गप्प बसवायला केलेलं हत्यार नव्या सत्ताधाऱ्याच्याही हाताला छान बसतं, तो कशाला टाकून देईल?

लोकांच्या मनावर झालेला परिणाम मोजता येतो का?

थोडाफार येतो. फ्रेंचांनी १९२१ ते १९५६ मध्य आफ्रिकेत झोपेच्या आजाराविरुद्ध मोहिमा काढल्या. हेतू चांगला असेल, पण गावंच्या गावं जबरदस्तीने उभी करून मणक्यात सुया, इंजेक्शनं, आणि त्या औषधांनी काही जण आंधळे झाले, काही मेले. आत्ताच्या संशोधनात दिसतं की ज्या भागात या मोहिमा जास्त वेळा गेल्या तिथले लोक आजही साधी रक्ततपासणी करून घ्यायला जास्त नकार देतात. आजीला टोचलं होतं म्हणून नातू दवाखान्यात जात नाही.

कॅनडात दीड लाखाच्या वर आदिवासी मुलं घरातून उचलून निवासी शाळांत टाकली, आपली भाषा बोलली की मार. शेवटच्या शाळा बंद झाल्या १९९० च्या दशकात, काही परवाची गोष्ट आहे ही. ऑस्ट्रेलियातही तेच. दोन्ही सरकारांनी २००८ मध्ये माफी मागितली.

भाषेबद्दल लिहायचं तर वेगळं पान लागेल. एवढंच की मोझांबिक, अंगोलात अजूनही सरकार पोर्तुगीजमध्ये चालतं, आणि ज्याला ती येत नाही तो स्वतःच्याच कोर्टात मुका. टांझानियाने स्वाहिली पुढे आणून वेगळी वाट काढली, जमू शकतं.

जे देश कधी गुलाम झाले नाहीत ते तरी कुठे पुढे गेले?

बरोबर प्रश्न. इथिओपियाने १८९६ ला अडवाच्या लढाईत इटलीला हरवलं, १९३६-४१ चा ताबा सोडला तर स्वतंत्रच राहिला, तरी गरीब. नेपाळ, अफगाणिस्तान तसेच. उलट सिंगापूर वसाहत होती आणि बोट्स्वानाही, दोन्ही बऱ्यापैकी वर आले. बोट्स्वानाची गंमत म्हणजे ब्रिटिशांना तो भाग निरुपयोगी वाटला, म्हणून फारसा हात लावला नाही, स्थानिक पंचायत पद्धत शाबूत राहिली, आणि हिऱ्यांचे मोठे साठे हाती लागले ते १९६६ च्या स्वातंत्र्यानंतर.

म्हणजे वसाहत होती की नाही एवढ्यावर काही ठरत नाही, कोणती यंत्रणा मागे राहिली त्यावर बरंच ठरतं. ॲसेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच धर्तीच्या कामासाठी: जिथे युरोपियन रोगराईने टिकू शकले नाहीत तिथे त्यांनी ओरबाडणाऱ्या संस्था उभ्या केल्या आणि त्या पुढेही टिकल्या. त्यांच्या डेटावर टीकाही बरीच झालीय, पण दिशा पटण्यासारखी आहे.

इतक्या जुन्या गोष्टीचा आज परिणाम आहे हे सिद्ध कसं करणार?

सीमारेषेच्या दोन्ही बाजू बघून. पेरूत स्पॅनिश राजवटीने १५७३ पासून पोतोसीच्या चांदीच्या आणि ह्वांकावेलिकाच्या पाऱ्याच्या खाणींसाठी ठरावीक गावांवर वेठबिगारी लादली, 'मिता' म्हणतात तिला, सात पुरुषांमागे एक. १८१२ ला बंद झाली. आज त्या हद्दीच्या आतली घरं लगतच्या बाहेरच्या घरांपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी खर्च करू शकतात, रस्तेही कमी. भारतात बॅनर्जी आणि अय्यर या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं की जिथे इंग्रजांनी जमीनदारी बसवली ते जिल्हे स्वातंत्र्यानंतरही शेतीत आणि शाळा-दवाखान्यांत मागे राहिले, जिथे सारा थेट शेतकऱ्याकडून घेतला ते पुढे. जमीनदारी कायद्याने गेली तरी, हे महत्त्वाचं.

७५ वर्षं झाली, अजून किती दिवस त्यांना दोष द्यायचा?

दोष किती दिवस द्यायचा याला एक्स्पायरी डेट नसते, पण दोष देऊन स्वतःची जबाबदारी टाळता येते हा धोका खरा आहे. कांगोत मोबुटूने १९६५ ते १९९७ राज्य केलं, देशाचं नाव बदलून झाईर केलं, लोकांना परदेशी नावं टाकायला लावली, वसाहतवादाच्या नावाने भाषणं ठोकली आणि खजिना लिओपोल्डच्या थाटातच वापरला. मात्र हेही विसरू नका की त्याच्या आधी निवडून आलेला पंतप्रधान लुमुंबा १७ जानेवारी १९६१ ला मारला गेला, त्यात बेल्जियन अधिकाऱ्यांचा हात होता आणि बेल्जियमने आपली नैतिक जबाबदारी २००२ मध्ये मान्यही केली.

शिवाय स्वातंत्र्य कोऱ्या पाटीवर नाही मिळालं. १९४९ मध्ये इंडोनेशियाला सार्वभौमत्व देताना डचांनी ४ अब्ज गिल्डरपेक्षा जास्त कर्ज गळ्यात बांधलं, त्यातलं काही तर इंडोनेशियनांनाच चिरडायला केलेल्या लढाईचं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले १४ देश १९४५ मध्ये फ्रान्सने काढलेलं सीएफए फ्रँक हे चलन अजून वापरतात, आणि कितीतरी दशकं त्यांना आपली अर्धी परकीय गंगाजळी फ्रेंच खजिन्यात ठेवावी लागायची.

नुकसानभरपाई मिळाली का कोणाला?

मिळाली की, गुलामांच्या मालकांना! १८३३ च्या कायद्याने ब्रिटनने गुलामगिरी बंद केली तेव्हा मालकांना २ कोटी पौंड दिले, गुलामांना शून्य, उलट बहुतेकांना आणखी काही वर्षं फुकट राबावं लागलं. त्यासाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये पूर्ण फेडलं.

बाकी तुरळक. ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ उठावात छळ झालेल्या ५,२२८ केनियन लोकांना २०१३ मध्ये ब्रिटनने १.९९ कोटी पौंडांची तडजोड दिली, तीही म्हातारी माणसं लंडनच्या कोर्टात गेल्यावर. नामिबियात १९०४ ते १९०८ हेरेरो आणि नामा लोकांचा वंशसंहार झाला, जर्मनीने तो २०२१ मध्ये मान्य करून ३० वर्षांत १.१ अब्ज युरो द्यायची तयारी दाखवली, पण ती 'विकास मदत' म्हणून, भरपाई हा शब्द टाळून. हेरेरो-नामांच्या बऱ्याच पुढाऱ्यांनी ती धुडकावली, म्हणाले आमच्याशी बोललातच कुठे, दोन सरकारांनी आपसात ठरवलंत.

म्युझियममधल्या वस्तू परत करायला काय अडचण आहे?

ब्रिटिश म्युझियमचं उत्तर ठरलेलं, १९६३ च्या कायद्याने आम्हाला वस्तू काढून देता येत नाहीत. कायदा त्यांच्याच संसदेने केलाय, बदलू शकते ती. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर जाळून राजवाड्यातल्या हजारो पितळी-कांस्य कलाकृती नेल्या, त्यातल्या काही जर्मनीने २०२२ मध्ये नायजेरियाला परत केल्या. पुढच्याच वर्षी नायजेरियाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की परत येणाऱ्या वस्तूंचा मालक बेनिनचा राजा, ओबा. लगेच युरोपात ओरड सुरू झाली की आम्ही देशाला दिल्या होत्या, राजघराण्याला नाही. राजवाड्यातून उचललेल्या वस्तू राजवाड्यात गेल्या तर चोरणाऱ्याने कपाळाला आठ्या घालायचं काही कारण मला तरी दिसत नाही. ज्यांचा आक्षेप ऐकावा असं वाटतं ते वेगळेच लोक आहेत, अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्यांचे वंशज. ते म्हणतात, या मूर्तींचं पितळ बेनिनच्या दरबाराने आमचे पूर्वज विकून मिळवलं होतं, मग आमचा वाटा कुठेय? याचं उत्तर अजून कोणत्याच सरकारने दिलेलं नाही.